प्रोग्रॅम कुठे राहतो? पीटर नाउर, गिल्बर्ट राइल आणि ‘येणं’ हे क्रियापद



आजचा विषय जाहीर झाल्यापासून मला दोन-चार फोन आले. “सर, तुम्ही आणि कॉम्प्युटर?” शंका रास्त आहे. मी चौतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. संगणकाशी माझा संबंध म्हणजे दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी द्यायचा हयातीचा दाखला आणि नातवाशी व्हिडिओवर गप्पा. आयुष्यात कोडची एक ओळ लिहिलेली नाही. तरी आज मी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका माणसाच्या मतांविषयी बोलणार आहे, कारण आपल्या धंद्याविषयी त्याला जे म्हणायचं होतं ते म्हणण्यासाठी त्याला माझ्या धंद्यातल्या एका माणसाकडे यावं लागलं. असं फार वेळा होत नाही. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांकडे सहसा कोणी काही मागायला येत नाही.

सुरुवात मात्र घरातल्या गोष्टीने करतो.

माझी भाची हिंजवडीला एका कंपनीत आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, आणि तसा त्याने फरकही पडत नाही. काही वर्षांपूर्वी तिच्या गटाकडे परदेशातल्या एका विमा कंपनीचा जुना प्रोग्रॅम सांभाळायला आला. अशा वेळी ‘केटी’ होते. आमच्या कॉलेजात केटी लागणं म्हणजे एखाद्या विषयात नापास होऊनही पुढच्या वर्षाला बसणं. यांची केटी म्हणजे ‘नॉलेज ट्रान्स्फर’. ज्याला काम येतं त्याने ते न येणाऱ्याला ठरावीक मुदतीत सोपवायचं. मुदत होती चार आठवड्यांची. देणारे गृहस्थ जवळजवळ तीस वर्षं त्या प्रोग्रॅमवर होते, आणि केटी संपली की त्यांची नोकरी संपणार होती. हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. भाची म्हणते, माणूस सज्जन होता, विचारलेल्या एकूण एक प्रश्नाचं उत्तर दिलं.

प्रोग्रॅमचं एक काम असं की एकाच ग्राहकाची चुकून दोनदा झालेली नोंद शोधायची. आडनाव तेच, नावाचं पहिलं अक्षर तेच, जन्मतारीख तीच, तर माणूस एकच समजून दोन्ही नोंदी जोडायच्या. यात एक ओळ विचित्र होती. जन्मतारीख १ जानेवारी असेल तर हे काही करू नका, पुढे चला. का? कुठेच लिहिलेलं नव्हतं. वर्षभराने साफसफाईच्या मोहिमेत कोणीतरी ती ओळ काढून टाकली. चाचण्या घेतल्या, सगळ्या पास. पुढच्या काही आठवड्यांत तक्रारी सुरू झाल्या. एकाची पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर, एकाचा आजार तिसऱ्याच्या नोंदीत.

शेवटी त्या निवृत्त गृहस्थांचा नंबर शोधून फोन केला. त्यांनी एका वाक्यात सांगितलं: निर्वासित म्हणून आलेल्या पुष्कळ लोकांना आपली जन्मतारीख माहीत नसते, म्हणून कचेरीत त्यांची १ जानेवारी लावतात, आणि एकाच भागातून आलेल्यांची आडनावंही सारखी असतात. “मग हे केटीत का नाही सांगितलंत?” तर म्हणाले, “तुम्ही विचारलं नाहीत. आणि ते सांगण्यासारखं काही आहे, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.”

भाचीने हे सांगितलं तेव्हा मी हसायला लागलो. कारण माझी कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे. तुमच्यातल्या पांढऱ्या केसांच्या किती जणांची १ जून आहे, हात वर करा. बघा! शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता यायची नाही, आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना वय पुरं भरावं म्हणून गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. आमच्या घरात हा जुना विनोद आहे, भाचीच्या लहानपणापासून ती दर १ जूनला मला चिडवत आली आहे. म्हणजे जगात असं घडतं हे तिला पक्कं माहीत होतं. आणि ती ओळही तिच्या डोळ्यांसमोर वर्षभर होती. दोन्ही गोष्टी होत्या, पण त्यांची गाठ पडली नव्हती. त्या गृहस्थांकडे ती गाठ होती. ती कोडमध्ये नव्हती आणि डॉक्युमेंटेशनमध्येही नव्हती.

ही गाठ म्हणजे नेमकी कसली वस्तू आहे, याच प्रश्नावर पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये एक लेख लिहिला. जेमतेम आठ-दहा पानांचा. नाव ‘प्रोग्रॅमिंग ॲज थिअरी बिल्डिंग’.

नाउर कोण, ते थोडक्यात सांगतो. डेन्मार्कचे, जन्म १९२८. मूळचे खगोलशास्त्रज्ञ, डॉक्टरेट त्याच विषयातली. १९५० च्या सुमारास केंब्रिजला गेले तेव्हा तिथल्या एडसॅक या अगदी सुरुवातीच्या संगणकावर त्यांनी खगोलशास्त्रातली आकडेमोड केली आणि या बाजूला ओढले गेले. पुढे ‘अल्गोल ६०’ या भाषेच्या अधिकृत अहवालाचं संपादन केलं. कोपनहेगनमध्ये गियर नावाच्या यंत्रासाठी या भाषेचा कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेलं यंत्राला समजेल अशा रूपात आणणारा प्रोग्रॅम, ज्यांनी तयार केला त्यांच्यातले ते एक. त्या यंत्राची मुख्य स्मृती होती १०२४ शब्दांची. आज तुमच्या खिशातल्या फोनमधला एक फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही. २००५ सालचं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं, २०१६ मध्ये ते गेले. ‘कॉम्प्युटर सायन्स’ हे नाव त्यांना पटत नसे, त्यांनी ‘डेटालोजी’ असा शब्द घडवला आणि डॅनिशमध्ये तो रुळलाही. यंत्राच्या नावाने शास्त्र कसलं, असा त्यांचा रोख. सांगायचा मुद्दा असा की हा बाहेरून टीका करणारा माणूस नाही. हात काळे केलेला माणूस आहे.

आणखी एक संदर्भ हवा. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीत गार्मिश या गावी नाटोच्या पुढाकाराने एक परिषद भरली. सॉफ्टवेअर वेळेवर होत नाही, खर्चात बसत नाही, चुकांनी भरलेलं असतं, अशी ओरड तेव्हाच सुरू झाली होती. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्द या परिषदेने मुद्दाम, थोडा डिवचण्यासाठी, शीर्षकात घातला. पूल बांधणारे इंजिनिअर जसे शिस्तीने बांधतात तसं तुम्ही का बांधत नाही, असा त्यात टोमणा होता. परिषदेच्या अहवालाचे दोन संपादक होते, त्यांतले एक हेच नाउर. पुढच्या काळात उद्योगाने त्या शब्दाचा एक सोयीचा अर्थ घेतला: सॉफ्टवेअर म्हणजे कारखान्यातलं उत्पादन. पद्धत ठरवून द्या, टप्पे पाडा, प्रत्येक टप्प्याचे कागद तयार करा, मग माणूस कोणीही चालेल. आज आपली मुलं ज्या भाषेत बोलतात ती तिथून आली आहे. “या प्रोजेक्टला दोन रिसोर्स कमी पडताहेत.” रिसोर्स म्हणजे माणूस, बरं का. मला आधी वाटलं खुर्च्या वगैरे असतील.

नाउर म्हणाले, ही समजूतच मुळात चूक आहे. प्रोग्रॅम करणं म्हणजे कोड नावाचा माल तयार करणं नव्हे. ते करता करता माणसांच्या मनात एक जाण तयार होते, आणि तीच खरी निर्मिती. कोड आणि कागदपत्रं ही तिच्यातून गळालेली दुय्यम वस्तू.

हे त्यांनी दोन अनुभवांवर उभं केलं. पहिला असा. ‘अ’ गटाने एका यंत्रासाठी कंपायलर तयार केला. ‘ब’ गटाला तोच थोडा वाढवून दुसऱ्या यंत्रावर न्यायचा होता. ‘अ’ गटाने काही हातचं राखलं नाही. कोड दिला, टिपा दिल्या, रचनेविषयी झालेल्या चर्चाही लिहून दिल्या, वर प्रत्यक्ष सल्लाही दिला. तरीसुद्धा ‘ब’ गटाने सुचवलेल्या वाढीव कामाचे आराखडे ‘अ’ गटाने पाहिले तेव्हा कपाळाला हात लावला. मूळ रचनेत ज्याची सोय आधीच होती, तिचा वापरच केलेला नव्हता. वरून ठिगळं लावली होती. ‘अ’ गटाला ते एका नजरेत दिसलं आणि साधा उपायही लगेच सुचला. ‘ब’ गटाला सगळे कागद हातात असून दिसलं नाही. आणि नंतर, ‘अ’ गटाचा हात सुटल्यावर, दहाएक वर्षांनी ‘अ’ गटातल्या एकाला त्याच प्रोग्रॅमची माहिती मिळाली, तर मूळचा सांगाडा ओळखू येत होता, पण ठिगळांखाली निकामी झालेला.

दुसरा अनुभव कारखान्यांतल्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या एका मोठ्या प्रणालीचा, सुमारे २ लाख ओळींचा. जी माणसं रचनेच्या वेळेपासून तिथे होती त्यांना बिघाड झाला की जवळजवळ फक्त आपल्या जाणकारीवर कारण सापडायचं, कागद उलटायची वेळ फारशी यायची नाही. ज्यांनी रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि पूर्ण कागदपत्रं मिळवली, ते अडायचे आणि पुन्हा पहिल्या गटाकडेच यायचे.

आता, ‘कागदपत्रं अपुरी असतील’ हे उत्तर कोणालाही सुचेल. उद्योगाने गेली पन्नास वर्षं हेच उत्तर दिलंय. नाउर म्हणतात, अपुरी नव्हती. ती कितीही वाढवली तरी पुरणार नाहीत. का, ते सांगण्यासाठी ते ऑक्सफर्डच्या गिल्बर्ट राइलकडे जातात.

राइलचा ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ हा ग्रंथ १९४९ चा. मी तो इतकी वर्षं शिकवला, आणि दर वर्षी एका जागी मुलं अडायची. राइल दोन प्रकारचं जाणणं वेगळं करतो. एक, अमुक असं आहे हे जाणणं. दुसरं, अमुक कसं करायचं हे जाणणं. इंग्रजीत दोन्हींना क्रियापद एकच, त्यामुळे त्याला पानंच्या पानं खर्च करावी लागली. मी मुलांना म्हणायचो, अरे, तुम्ही मराठी बोलता ना? मग अर्धं काम झालंय. ‘मला पोहण्याविषयी माहीत आहे’ आणि ‘मला पोहता येतं’, या दोन वाक्यांत गोंधळ करणारा मराठी माणूस दाखवा. आपल्याकडे माहिती असते, आणि काम ‘येतं’. तबला येतो, पोळ्या येतात, सायकल येते. गंमत बघा, यात करणारा ‘मी’ कर्त्याच्या जागी बसतच नाही. ते मला येतं. म्हणजे कुठून तरी, सरावाने, सहवासाने, चालत माझ्यापाशी येतं.

२००१ मध्ये जेसन स्टॅनली आणि टिमथी विल्यमसन या दोघांनी राइल चुकला असं दाखवण्याचा मोठा प्रयत्न केला. त्यांच्या मते कसं करायचं हे जाणणं हादेखील शेवटी माहितीचाच प्रकार आहे. त्यांच्या युक्तिवादाचा बराच भार इंग्रजी वाक्यांच्या व्याकरणावर आहे. मला आपलं वाटतं, त्यांनी थोडं मराठी शिकायला हवं होतं. पण तो वाद आजचा नाही.

राइलचा मुख्य युक्तिवाद साधा आहे. समजा, शहाणपणाने केलेली प्रत्येक कृती आधी मनात नियम आठवून मगच होत असेल. तर हजार नियमांतला नेमका कोणता इथे लावायचा, हे ठरवणं हीही एक कृतीच. ती शहाणपणाने करायची तर तिच्यासाठी आणखी एक नियम. त्याच्या निवडीला आणखी एक. याला आपल्या नैयायिकांनी अनवस्था म्हटलं असतं. साखळीला अंतच नाही. तेव्हा कुठेतरी नियम न आठवता योग्य ते करणं असलंच पाहिजे.

नाउर हे उचलतात. ‘थिअरी’ हा शब्दही राइलचाच, पण त्याचं ‘सिद्धान्त’ असं भाषांतर करून वाट लावू नका. राइलच्या अर्थाने ज्याच्यापाशी थिअरी आहे तो नुसतं काम करत नाही. ते असंच का, हे सांगू शकतो, आडव्यातिडव्या प्रश्नांना उत्तर देतो, वाद घालतो. मी ‘जाण’ म्हणतो.

एक उदाहरण आपल्या घरचं. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवून ‘क्रमिक पुस्तक मालिका’ काढली. प्रचंड काम. ते झालं नसतं तर किती चिजा गेल्या असत्या. आता भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. पुस्तक सांगतं, भूपात गंधार वादी, देशकारात धैवत. माहिती पूर्ण आहे. ती पाठ करून एखादा गायला बसला की तिसऱ्या मिनिटाला देशकाराचा भूप होतो, आणि कोपऱ्यात बसलेले बुवा मान हलवतात. कुठे चुकलं विचारा, ते पुन्हा गाऊन दाखवतील. नियम सांगणार नाहीत. लपवतात म्हणून नव्हे. हे त्याच्यासारखं आहे आणि ते त्याच्यासारखं नाही, ही ओळख नियमांत मावत नाही म्हणून. नाउरनीही उदाहरणं दिली ती चेहऱ्यांची, सुरावटींची आणि वाइनच्या चवीची. प्रोग्रॅममध्ये बदल करायचा तेव्हा नेमकी हीच ओळख लागते: नवी मागणी आधीच्या कशासारखी आहे, आणि म्हणून ती कुठे बसवायची.

ज्याला प्रोग्रॅमची जाण आहे त्याला तीन गोष्टी जमतात, असं नाउर म्हणतात. बाहेरच्या जगातली कोणती गोष्ट प्रोग्रॅममध्ये कुठे आणि कशी आली आहे, आणि कोणती मुद्दाम बाहेर ठेवली आहे, हे सांगता येतं. १ जानेवारीची ओळ यातली. दुसरं, प्रत्येक भाग तसाच का आहे याचं समर्थन करता येतं, आणि त्या समर्थनाच्या तळाशी शेवटी त्याची स्वतःची पारख असते. तिसरं, बदलाची मागणी आली की रचना न मोडता तो कसा करायचा हे सुचतं.

आता यातून जे निघतं ते उद्योगाला न परवडणारं आहे. प्रोग्रॅम जर कोडमध्ये नसून जाणकारांच्या मनात असेल, तर त्याचा मृत्यू कधी होतो? यंत्र बंद पडतं तेव्हा नव्हे. तो गट पांगतो तेव्हा. यंत्र चालत राहतं, पगारपत्रकं निघत राहतात, पण प्रोग्रॅम मेलेला असतो. कधी कळतं? काही बदलायची वेळ आली की. २०२० च्या एप्रिलमध्ये, महामारीत बेकार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा अमेरिकेत न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबॉल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन केलं. सरकारी यंत्रणा चाळीस वर्षांहून जुनी. कोड जागेवर होता, माणसं शोधायची होती. आणि कोबॉल येणारा माणूस मिळाला तरी त्याला कोबॉल येतं, तो प्रोग्रॅम येत नाही. हा फरक आवाहनात कुठे होता?

फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या मोठ्या प्रकल्पाचा अनुभव घेऊन १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ लिहिलं. रखडलेल्या कामावर आणखी माणसं लावली की ते आणखी रखडतं, हा त्यांचा निष्कर्ष आयटीतल्या प्रत्येकाला पाठ असतो. त्यामागचं कारण नाउर वाचल्यावर जास्त खोल दिसतं, एवढंच म्हणून पुढे जातो.

नाउरचा सल्ला तर फारच कडक आहे. मेलेला प्रोग्रॅम कागदांवरून जिवंत करायच्या फंदात पडू नका. जमल्यास जुना कोड टाकून द्या आणि नव्या गटाला तोच प्रश्न नव्याने सोडवू द्या. स्वस्त पडेल. आणि प्रोग्रॅमर हा बदलता येणारा सुटा भाग नसून, वकील किंवा इंजिनिअर जसा आपल्या बुद्धीच्या जबाबदारीवर काम करतो, तसा त्याचा दर्जा असायला हवा.

इथपर्यंत मी नाउरच्या बाजूने बोललो. आता माझी तक्रार.

हा लेख ‘अ’ गटाच्या खुर्चीत बसून लिहिलेला आहे. ‘ब’ गट त्यात ठिगळं लावणारा म्हणूनच येतो. ‘ब’ गटातल्या माणसाला काय वाटत असेल, त्याने दहा वर्षांत काय शिकलं असेल, हे विचारायला नाउर थांबत नाहीत. आणि मंडळी, पुण्यातला, मुंबईतला, बंगळुरूचा आयटी म्हणजे बहुतेक ‘ब’ गटच आहे. आपल्या मुलांच्या हाती जो प्रोग्रॅम आला त्याचं बारसं त्यांनी पाहिलेलं नाही. २००० सालच्या घोळाच्या वेळी हेच झालं. वर्षाचे दोनच अंक लिहिलेले जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायला गठ्ठ्याने इकडे आले. मूळ लेखक निवृत्त. आपल्या मुलांनी दुसऱ्याच्या हस्ताक्षरातली पत्रं वाचावीत तसा कोड वाचला.

आणि वाचता वाचता त्यांच्याही मनात जाण तयार झाली. भाचीच्या गटात एक मुलगी आहे, मूळची सोलापूरची. नऊ वर्षं तीच प्रणाली सांभाळते. परदेशातल्या लोकांना अडचण आली तर ते आता तिला विचारतात. तिची जाण त्या तीस वर्षांच्या गृहस्थांचीच आहे का? नसेल. वेगळी असेल, काही ठिकाणी उणी, काही ठिकाणी जास्त. पण ती आहे. मेलेल्याला जिवंत करता येत नाही, हे नाउरचं म्हणणं मी मान्य करीन. दत्तक घेता येतं की नाही, याचा विचार त्यांनी केला नाही.

भाष्य हीही एक वाट आहे. पाणिनीची सूत्रं एकटी वाचून कोणाला कळलीत? सूत्राचा नेमका अर्थ व्याख्यानातून घ्यायचा, असं वैयाकरणांनी मान्यच करून टाकलं, आणि महाभाष्य तर शंका-समाधानाच्या रूपातच आहे. सॉफ्टवेअरमध्येही असा एक भाष्यकार झाला. सिडनीत न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स शिकवायचे. १९७० च्या दशकात त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा, सुमारे ९ हजार ओळींचा, विद्यार्थ्यांसाठी छापला आणि त्यावर टीका लिहिली. पुढे मालक कंपनीने कोड वर्गात शिकवण्यावर बंधन घातलं. मग ते पुस्तक झेरॉक्सच्या झेरॉक्स काढत जगभर फिरलं, ते रीतसर प्रसिद्ध झालं १९९६ मध्ये. त्या कोडमध्ये एका जागी मूळ लेखकांनीच टीप टाकली होती, की हे वाचणाऱ्याला कळावं अशी अपेक्षा नाही. लोकांनी याला उर्मटपणा मानलं. डेनिस रिची यांनी नंतर खुलासा केला, की हे ‘परीक्षेला येणार नाही’ अशा अर्थाने लिहिलं होतं, आणि खरी अडचण ही होती की तिथे काय चाललंय ते आम्हालाही नीट कळलं नव्हतं. मला हा खुलासा फार आवडतो. ‘अ’ गटाच्या जाणिवेलाही भोकं असतात, हे त्यात कबूल केलंय.

व्यवस्थापकांची बाजूही ऐकायला हवी. माणसं सोडून जातात, आजारी पडतात, लग्न होऊन नाशिकला जातात. एकाच माणसाच्या डोक्यावर सगळं टांगून ठेवणं म्हणजे त्याला वतन देण्यासारखं. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय चार आठवड्यांची केटी हा नाही. घराण्यांत काय व्हायचं? शिष्य मागे तंबोरा घेऊन बसायचा, वर्षानुवर्षं. नवा माणूस जुन्याशेजारी बसून काम करील, दोघं प्रत्यक्ष बदल करतील आणि चुकेल तिथे जुना हात धरील, हाच एक मार्ग नाउरनाही दिसतो. याला वेळ लागतो, आणि एका कामाला दोन पगार द्यावे लागतात. ताळेबंदात कोड संपत्ती म्हणून दाखवता येतो. सोलापूरच्या मुलीची नऊ वर्षं दाखवायला रकाना नाही. म्हणून कपातीची वेळ आली की यादीत कोण आधी येतं ते तुम्हीच बघा.

(इथे एका श्रोत्याने विचारलं: आता तर एआय कोड लिहून देतं, मग या सगळ्याला काय अर्थ राहिला?)

चांगला प्रश्न. मी वापरून पाहिलेलं नाही, त्यामुळे भाचीचं सांगतो. ती म्हणते, मामा, आता मी लिहिते कमी आणि वाचते जास्त. म्हणजे काय झालं बघा. आतापर्यंत ‘ब’ गटाला निदान फोन करायला एक ‘अ’ गट असायचा. आता प्रोग्रॅम जन्मतो तोच पोरका. त्याच्या प्रत्येक ओळीचं कारण त्या यंत्राला विचारलंत तर ते कारण देईल, सुबक देईल. पण ते कारण मनाशी धरून त्या दिवशी कोणी ती ओळ लिहिली होती का? चाचण्या पास होतील. आमच्या १ जानेवारीच्या चाचण्याही पास झाल्याच होत्या. तेव्हा मी म्हणेन की नाउरचा प्रश्न जुना झाला नाही, उलट सगळेच ‘ब’ गटात आले.

(दुसरा प्रश्न: त्या ओळीचं पुढे काय झालं?)

ती परत घातली. भाचीने वर चार ओळींची टीप लिहिली: निर्वासित, कचेरी, सारखी आडनावं, सगळं. नंतर गटात एक नवा मुलगा आला, पहिलीच नोकरी. टीप वाचून तो तिच्याकडे आला आणि म्हणाला, “मॅडम, १ जानेवारीच कशावरून? एखादी कचेरी वर्षाच्या मधली म्हणून १ जुलै लिहीत असेल तर?” नोंदी काढून पाहिल्या. १ जुलैला खरोखरच एक लहानसा ढीग होता. त्या तीस वर्षांच्या गृहस्थांनाही तो दिसला नव्हता. भाची खूश. त्या संध्याकाळी मला फोन करून म्हणाली, मामा, या मुलाला येतंय.

सहा महिन्यांनी त्याला दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवलं. तिकडे एक रिसोर्स कमी पडत होता.